१,८८८ मृत्यू, २६ दोषी

२००१ ते २०२० या वीस वर्षांत भारतात पोलिसांच्या ताब्यात असताना १,८८८ माणसे मेली. हा आकडा कुठल्या संघटनेच्या पत्रकातला नाही. केंद्रीय गृहखात्याच्या राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाने, म्हणजे एनसीआरबीने, दरवर्षी छापलेल्या अहवालांची ही बेरीज आहे. या मृत्यूंबद्दल पोलिसांवर गुन्हे नोंदवले गेले ८९३. दोषारोपपत्र गेले ते ३५८ पोलिसांवर. न्यायालयात दोषी ठरले २६.

१,८८८, ८९३, ३५८, २६. हे चार आकडे एकाखाली एक लिहून पाहावेत. वरच्या आकड्यात माणसे आहेत, दुसऱ्यात गुन्हे, तिसऱ्या-चौथ्यात पोलीस. मोजमाप वेगवेगळे आहे हे मान्य. तरीही प्रत्येक पायरीवर चाळणी बारीक होत गेलेली दिसते. दर ७२ मृत्यूंमागे एक पोलीस दोषी ठरतो. दोषारोपपत्र दाखल झालेल्या दर १४ पोलिसांपैकी जेमतेम एकाला शिक्षा होते. २६ पैकी ११ पोलीस तर २००६ या एकाच वर्षात दोषी ठरले, ७ उत्तर प्रदेशात आणि ४ मध्य प्रदेशात. ते वर्ष वगळले तर उरलेल्या एकोणीस वर्षांत १५ जण राहतात. वर्षाला एकही नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करायला हवी. कोठडीतला प्रत्येक मृत्यू हा खून नसतो. त्यात आजाराने गेलेले असतात, आत्महत्या केलेले असतात, रुग्णालयात उपचार चालू असताना गेलेलेही असतात. देशात वीस लाखांच्या आसपास पोलीस आहेत, सतरा हजारांवर पोलीस ठाणी आहेत, आणि त्यातले बहुसंख्य हवालदार-फौजदार सण-उत्सव, बंदोबस्त आणि तपास यांच्या ओझ्याखाली नोकरी करतात. म्हणून १,८८८ मृत्यूंमागे १,८८८ गुन्हेगार शोधा, असे कुणी म्हणत नाही. पण सरकारच्या कुलपाआड, सरकारच्या जबाबदारीवर असलेला माणूस मेला, तर तो कसा मेला याचा हिशेब सरकारनेच द्यायचा असतो. हा हिशेब २६ वर कसा येऊन थांबतो, हे पाहायचे आहे.

पहिले चोवीस तास

१,८८८ पैकी १,१८५ माणसे रिमांडवर नव्हती, असे एनसीआरबीची नोंद सांगते. म्हणजे त्यांना पकडले होते, पण न्यायालयाने अजून पोलीस कोठडी दिलेली नव्हती. राज्यघटनेच्या २२ व्या कलमानुसार अटक केलेल्या माणसाला चोवीस तासांच्या आत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करावे लागते. कागदावर तरी हा काळ एका दिवसापेक्षा जास्त असू शकत नाही. न्यायालयाने कोठडी दिल्यावर ती पंधरा दिवसांपर्यंत चालू शकते. तरी दर शंभर मृत्यूंपैकी जवळपास ६३ मृत्यू न्यायाधीशाची नजर पडण्याच्या आधीच्या छोट्या काळातले आहेत आणि उरलेले ३७ नंतरच्या लांब काळातले.

या काळात काय घडले याचे साक्षीदार दोनच: मेलेला माणूस आणि ठाण्यातले पोलीस. स्टेशन डायरी पोलिसांची, अटकेचा पंचनामा पोलिसांचा, पहिला जबाबही पोलिसांचाच. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ च्या डिसेंबरमध्ये अटकेसाठी ११ नियम घालून दिले. अटक करणाऱ्याच्या नावाची पट्टी, अटकेचा मेमो, नातेवाइकाला कळवणे, दर ४८ तासांनी वैद्यकीय तपासणी, हे सारे त्यात आहे. २००६ पासून कोठडीतल्या मृत्यूची चौकशी न्यायदंडाधिकाऱ्याने करणे कायद्याने बंधनकारक झाले. २ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या प्रत्येक पोलीस ठाण्यात सीसीटीव्ही बसवण्याचा आणि चित्रण दीर्घकाळ जपून ठेवण्याचा आदेश दिला. नियमांची वाण नाही. नियम मोडणाऱ्याला जाब विचारण्याची वेळ येते, तिथे गाडी अडते.

दोन बेरजा, २५० चा फरक

मोजणी करणारे एकच खाते नाही. कोठडीत मृत्यू झाला की चोवीस तासांत राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाला कळवायचे, असा दंडक आयोगाने १९९३ मध्ये घालून दिला. त्या नोंदींवरून केंद्र सरकारने संसदेत सांगितलेला आकडा असा: १ एप्रिल २०१७ ते ३१ मार्च २०२२ या पाच वर्षांत पोलीस कोठडीतील मृत्यूंची ६६९ प्रकरणे. दर पावणेतीन दिवसांनी एक.

आता एनसीआरबीची २०१७ ते २०२१ ची पाच वर्षे घ्या: १००, ७०, ८५, ७६ आणि ८८. बेरीज ४१९. एक मोजणी एप्रिलपासून सुरू होते, दुसरी जानेवारीपासून, म्हणून थोडा फरक पडणारच. पण इथे तो २५० चा आहे, आणि तीन महिन्यांच्या पुढे-मागे होण्याने एवढी तफावत भरून निघत नाही. ज्या देशात टपालाचे तिकीट आणि रेशनचा दाणा मोजला जातो, त्या देशाच्या दोन सरकारी यंत्रणांचे कोठडीत मेलेल्या माणसांच्या संख्येवर एकमत होत नाही.

त्या ६६९ मध्ये महाराष्ट्राचा वाटा ७६ आहे. गुजरात ८० वर पहिला, महाराष्ट्र दुसरा. लोकसंख्येने आपल्यापेक्षा कितीतरी मोठा उत्तर प्रदेश ४१ वर, तमिळनाडू ४० वर, बिहार ३८ वर. काही राज्ये प्रामाणिकपणे कळवतात आणि काही लपवतात, हेही त्यामागचे एक कारण असू शकते. तरीही देशातल्या दर नऊ प्रकरणांपैकी जवळपास एक आपल्या राज्यातले होते. सुधारलेले राज्य म्हणून मिरवताना हा आकडा बाजूला ठेवता येणार नाही.

परवानगी कुणाची?

गुन्हा नोंदला, तपास झाला, पुरावा सापडला. तरीही खटला उभा राहीलच असे नाही. सरकारी कर्तव्य बजावताना किंवा ते बजावण्याच्या ओघात घडलेल्या कृत्यासाठी सरकारी अधिकाऱ्यावर खटला चालवायचा, तर आधी सरकारची मंजुरी लागते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९७ होते. देश स्वतंत्र झाला, १९७३ मध्ये नवी संहिता आली, कलमाचा क्रमांकही तोच राहिला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम २१८ झाले आहे. सव्वाशे वर्षांत राज्यकर्ते बदलले, राज्यघटना आली, पण मंजुरीची किल्ली सरकारच्याच हातात राहिली.

या कलमाचे संरक्षण मुळात वरिष्ठांसाठी आहे. ज्याला पदावरून काढायला सरकारची संमती लागते, त्यालाच ते आपोआप मिळते. हवालदाराला जिल्ह्याचा पोलीस अधीक्षक बडतर्फ करू शकतो, म्हणून हवालदार त्यात आपोआप येत नाही. मात्र सुव्यवस्था राखणाऱ्या पोलीस दलाला हेच संरक्षण अधिसूचना काढून लागू करण्याची मुभा राज्यांना आहे.

या कलमाला एक रास्त कारण आहे. दंगलीत जमाव पांगवणाऱ्या, बड्या गुंडाला हात घालणाऱ्या अधिकाऱ्यावर सूडापोटी दहा फिर्यादी ठोकल्या, तर तो काम करणार कसा? त्याला आधार हवाच. पण सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये, महाराष्ट्र शासन विरुद्ध आत्माराम या खटल्यात, पोलीस कायद्यातल्या अशाच संरक्षणाचा विचार करताना सांगितले आहे की ताब्यातल्या माणसाला कबुलीसाठी मारहाण करणे हे पोलिसाच्या कर्तव्यात बसत नाही, म्हणून ते संरक्षण त्याला मिळत नाही. हे तत्त्व जवळपास साठ वर्षे जुने आहे. तरीही प्रत्येक खटल्यात वाद पहिल्या पायरीपासून सुरू होतो: हे कर्तव्य होते की नव्हते? मंजुरी हवी की नको? हा वाद खालच्या न्यायालयातून उच्च न्यायालयात आणि तिथून सर्वोच्च न्यायालयात जाईपर्यंत साक्षीदार म्हातारे होतात.

मंजुरीचा अधिकार प्रत्यक्षात कसा वापरला जातो, हे महाराष्ट्रातल्या एका खटल्यातून दिसते. २ डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या तपासात पकडलेला ख्वाजा युनूस हा मूळचा परभणीचा २७ वर्षांचा अभियंता. जानेवारी २००३ मध्ये तो पोलिसांच्या ताब्यातून नाहीसा झाला. तो पळून गेला, असे पोलिसांनी सांगितले. राज्याच्या गुन्हे अन्वेषण विभागाने तपास केला आणि १४ पोलिसांवर ठपका ठेवला. राज्य सरकारने खटल्याला मंजुरी दिली ती चौघांवर. उरलेल्या दहांचे काय झाले असते हे न्यायाधीशांनी ठरवायचे होते. ते मंत्रालयात ठरले. वीस वर्षे उलटली तरी तो खटला निकालाला पोहोचलेला नव्हता.

लष्कराच्या बाबतीत तर आकडा शून्य आहे. सशस्त्र दल विशेषाधिकार कायद्याखाली जम्मू-काश्मीरमधून खटल्याच्या मंजुरीसाठी ५० प्रकरणे केंद्राकडे आली. २०१८ च्या सुरुवातीला राज्यसभेत सांगण्यात आले की ४७ प्रकरणांत मंजुरी नाकारली आणि ३ प्रलंबित आहेत. पन्नासपैकी एकातही होकार नाही.

नव्या संहितेने एक चांगली गोष्ट केली. मंजुरीची मागणी आल्यापासून १२० दिवसांत सरकारने निर्णय दिला नाही, तर मंजुरी मिळाली असे धरले जाईल. फाइल दाबून बसण्याचा रस्ता यामुळे बंद होतो. १२० दिवसांच्या आत ‘नाही’ म्हणण्याचा रस्ता मात्र उघडाच आहे.

घोडा, सोने आणि माणूस

अधिकाऱ्यावरचा खटला ही एक बाजू. दुसरी बाजू भरपाईची, म्हणजे सरकारच्या स्वतःच्या जबाबदारीची.

१८६१ मध्ये कलकत्त्याच्या सर्वोच्च न्यायालयात एक दावा निकाली निघाला. खिदिरपूरच्या सरकारी गोदीत कामगारांच्या हलगर्जीपणामुळे एका जहाज कंपनीच्या गाडीचा घोडा जखमी झाला होता. भरपाईची मागणी ३५० रुपयांची. कंपनी जिंकली, कारण गोदी चालवणे हा कोणीही करू शकेल असा व्यवसाय होता. पण निकालात एक रेघ ओढली गेली: जी कामे केवळ राज्यसत्ताच करू शकते, त्यातल्या चुकांसाठी सरकारवर दावा चालणार नाही.

ती रेघ १०३ वर्षांनी स्वतंत्र भारताच्या एका नागरिकाच्या आड आली. २० सप्टेंबर १९४७ च्या रात्री अमृतसरचा एक सराफ व्यापारी मेरठला उतरला. पोलिसांनी संशयावरून त्याला पकडले आणि त्याच्याजवळचे १०३ तोळे ६ मासे १ गुंज सोने आणि दोन मणांवर चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी तो सुटला, चांदी परत मिळाली. सोने मिळाले नाही. ठाण्याचा हेड कॉन्स्टेबल ते घेऊन पाकिस्तानात पळाला होता. सरकारने भरपाई नाकारली. १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारच्या बाजूने निकाल दिला: पकडणे आणि माल जप्त करणे ही राज्यसत्तेची कामे, म्हणून सरकार जबाबदार नाही. ते सोने १,२०० ग्रॅमच्या वर भरते. दहा ग्रॅमला एक लाखाचा भाव धरला, तर आज त्याची किंमत १ कोटी २० लाखांवर जाते.

हा निकाल लिहिला सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी. महाराष्ट्राच्या या न्यायाधीशांना तो लिहिताना समाधान वाटले नव्हते आणि ते त्यांनी निकालपत्रात लपवले नाही. कायद्याची ही स्थिती योग्य नाही, इंग्लंडने १९४७ मध्येच सरकारवर दावा करण्याची सोय कायद्याने केली आहे, आपल्या विधिमंडळांनीही तसा कायदा करावा, असे त्यांनी बजावले. विधी आयोगाने तर १९५६ मध्ये आपल्या पहिल्याच अहवालात हे सुचवले होते. १९६५ आणि १९६७ मध्ये विधेयके आली आणि विरून गेली. पहिल्या शिफारशीला सत्तर वर्षे होत आली तरी तो कायदा झालेला नाही.

मग न्यायालयांनी घटनेच्या २१ व्या कलमातून वाट काढली. बिहारच्या तुरुंगात एक माणूस ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटूनही १६ ऑक्टोबर १९८२ पर्यंत आत राहिला. १४ वर्षे साडेचार महिने, म्हणजे ५,२४८ दिवस. १९८३ मध्ये रुदल शाह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याला एकूण ३५,००० रुपये देवविले. ही अंतिम भरपाई नाही, तो वेगळा दावा करू शकतो, असेही सांगितले. हिशेब केला तर दिवसाला ६ रुपये ६७ पैसे होतात. १९९३ मध्ये निलबती बेहेरा खटल्यात ओडिशातल्या एका आईला कोठडीत मेलेल्या २२ वर्षांच्या मुलाबद्दल दीड लाख रुपये मिळाले. जगण्याच्या हक्कावर घाला आला असेल तर सरकारला राज्यसत्तेच्या ढालीआड लपता येणार नाही, हे त्या निकालाने पक्के केले.

पण भरपाई कुणाच्या खिशातून जाते? एप्रिल २०१७ ते मार्च २०२२ या त्याच पाच वर्षांत मानवाधिकार आयोगाने २०१ प्रकरणांत ५ कोटी ८० लाखांवर रुपये देण्याची शिफारस केली. सरासरी एका मृत्यूला २ लाख ८९ हजार. हे पैसे तुम्हीआम्ही भरलेल्या करातून जातात. शिस्तभंगाच्या कारवाईची शिफारस किती प्रकरणांत झाली? एका. २०१ कुटुंबांना पैसे मिळावेत इतपत सरकारची चूक मान्य होते, आणि चूक करणारा माणूस एकाच प्रकरणात सापडतो.

किती वर्षे?

२२ मे १९८७ च्या रात्री मेरठच्याच हाशिमपुऱ्यातून उत्तर प्रदेशच्या सशस्त्र पोलिसांनी लोकांना ट्रकमध्ये भरून नेले आणि कालव्याकाठी गोळ्या घातल्या. ४२ जण मारले गेले. २०१५ मध्ये खालच्या न्यायालयाने १६ जणांना निर्दोष सोडले. ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच १६ जणांना जन्मठेप सुनावली. मधे गेले ११,४८५ दिवस. त्या वर्षी जन्मलेले मूल तोवर एकतीस वर्षांचे झाले होते.

महाराष्ट्रात दुसरेही उदाहरण आहे. २००६ मध्ये मुंबईत ‘चकमक’ म्हणून दाखवलेल्या एका हत्येच्या प्रकरणात उच्च न्यायालयाने विशेष तपास पथक नेमले आणि २०१३ मध्ये १३ पोलिसांना जन्मठेप झाली. तपास आरोपींच्या सहकाऱ्यांच्या हातून काढून घेतला की पुरावा उभा राहतो, हे त्या खटल्याने दाखवले.

आणि कायदा बदलता येतो, हेही याच राज्याने दाखवले आहे. १९७२ मध्ये आताच्या गडचिरोली जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना सोडले, आणि त्याविरुद्ध देशभर स्त्रिया रस्त्यावर आल्या. १९८३ मध्ये पुरावा कायद्यात ११४-अ कलम आले. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध सिद्ध झाला आणि संमती नव्हती असे स्त्रीने सांगितले, तर न्यायालयाने तिचे म्हणणे खरे धरून चालायचे, अशी तरतूद झाली. निकालानंतर पाच वर्षांनी कायदा बदलला, कारण लोकांनी तो बदलायला लावला.

१९८५ मध्ये विधी आयोगाने आपल्या ११३ व्या अहवालात असाच ११४-ब सुचवला: माणूस कोठडीत असताना त्याला इजा झाली, तर ती पोलिसानेच केली असे न्यायालयाला गृहीत धरता येईल, आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी पोलिसावर राहील. चाळीस वर्षे झाली. २०२३ मध्ये अख्खा पुरावा कायदा नव्याने लिहिला गेला, तेव्हाही हे कलम आत आले नाही. छळाविरुद्धच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने १९९७ मध्ये सही केली, पण त्याला अंतिम मान्यता दिलेली नाही. २०१० मध्ये लोकसभेने छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केले. राज्यसभेत ते निवड समितीकडे गेले आणि शेवटी बाद झाले. या चाळीस वर्षांत जवळपास सर्व मोठ्या पक्षांची सरकारे दिल्लीत येऊन गेली. या एका प्रश्नावर त्यांच्यात एकमत होते, असेच आकडे सांगतात.

कुणी म्हणेल, पोलिसांना असे बांधून ठेवले तर गुन्हेगार मोकाट सुटतील. माझे उत्तर असे आहे: २६ हा आकडा प्रामाणिक पोलिसाच्या कामाचा नाही. कोठडीत हात न उचलणाऱ्या, पुरावा शोधून न्यायालयात टिकवणाऱ्या फौजदाराला लोक त्याच संशयाने पाहतात, कारण दोषी वेगळा काढला जात नाही. सरसकट संरक्षणाची सर्वांत मोठी किंमत तोच मोजतो.

करायच्या गोष्टी तीन आहेत. खटल्याची मंजुरी नाकारली तर कारणे लेखी द्यावीत आणि ती जाहीर करावीत. विधी आयोगाने १९८५ मध्ये सुचवलेले कलम पुरावा कायद्यात घालावे. आणि १९५६ पासून रखडलेला सरकारी जबाबदारीचा कायदा संसदेने करावा.

तोवर आपण चार आकडे मागू शकतो. आपल्या आमदाराने अधिवेशनात प्रश्न विचारावा, किंवा आपणच राज्याच्या गृहविभागाकडे माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा: पोलिसांवर खटला चालवण्याच्या मंजुरीच्या किती मागण्या आल्या, किती मान्य झाल्या, किती नाकारल्या आणि प्रत्येकीला किती दिवस लागले. अर्जाला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर देणे सरकारला बंधनकारक आहे. हा अर्ज करा.